घरासमोरचा रस्ता, शेजाऱ्याची गाडी : पार्किंगच्या वादात कुणाकडे जायचं आणि काय मागायचं?

ओसरी

बंगल्यांच्या सोसायट्या आणि प्लॉटिंगचे लेआऊट इथली पार्किंगची भांडणं बहुतेक वेळा चुकीच्या दारात जाऊन अडकतात. वाहतूक पोलिसांचं काम सेक्रेटरीच्या गळ्यात पडतं, सोसायटीच्या सभेचा विषय पोलीस चौकीत जातो, दोन्हीकडे हात वर होतात आणि शेजारी मात्र कायमचे तुटतात. म्हणून हा धागा. ज्यांना कायदा, नगररचना, सोसायटीचा कारभार यातलं नीट माहीत आहे त्यांनी भर घालावी. 'माणुसकीच उरली नाही' छापाचे प्रतिसाद टाळूया.

सगळ्यात आधी जागा कोणाची ते ठरवा. गाडी कोणाची हे नंतर.

जागा तीन प्रकारची असते. पहिला प्रकार महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या ताब्यातला सार्वजनिक रस्ता. दुसरा लेआऊटमधला अंतर्गत रस्ता, जो कागदावर अजून सोसायटीच्या किंवा मूळ जमीनमालकाच्या नावावर आहे. तिसरा सोसायटीच्या कुंपणाच्या आतली सामायिक जागा: स्टिल्ट (इमारतीखालची खांबांवरची पार्किंगची जागा), मोकळं आवार, गेटपासून जिन्यापर्यंतचा रस्ता. पहिल्या दोघांत लोकांचा फार गोंधळ होतो. 'आमच्या प्लॉटधारकांनी जागा सोडली म्हणून रस्ता झाला, म्हणजे तो आमचा' असं समजलं जातं. तो पालिकेकडे हस्तांतरित झाला असेल तर तुमच्या घरासमोरच्या कडेवर तुमचा हक्क शेजारच्या गल्लीतल्या माणसाइतकाच. मालमत्ता कर भरल्यानेही तो वाढत नाही. तुमचा हक्क आहे तो फाटकातून गाडी आत-बाहेर करता येण्याचा, आणि तो भक्कम आहे.

खात्री करायची तर मंजूर लेआऊटचा नकाशा काढा, रस्त्याच्या जागेचं प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा बघा आणि पथ विभागाला माहिती अधिकारात तीन प्रश्न विचारा: हा रस्ता ताब्यात घेतला आहे का, कोणत्या तारखेला, आणि शेवटचं डांबरीकरण कोणत्या निधीतून झालं. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. हा कागद हातात असला की पुढच्या प्रत्येक टेबलावर वेळ वाचतो.

पागोळी

धागा गरजेचा होता. एक महत्त्वाची भर.

मालकी आणि पोलिसांचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(३४) मधली 'सार्वजनिक जागे'ची व्याख्या लोकांना जायचा-यायचा हक्क आहे की नाही यावर ठरते, मालकीवर नाही. त्यामुळे लेआऊटचा रस्ता कागदावर सोसायटीचा असला, पण त्याला गेट नाही आणि दूधवाल्यापासून रिक्षापर्यंत सगळे हक्काने ये-जा करतात, तर 'खाजगी रस्ता आहे, आम्ही येणार नाही' हे उत्तर पटवून घ्यायचं कारण नाही. अर्जात या कलमाचा उल्लेख करा. उलट, गेट आणि वॉचमन असलेल्या आवारात टोइंगची गाडी बोलावण्यात अर्थ नसतो. तिथे उपविधी, म्हणजे सोसायटीचे स्वतःचे नियम चालतात.

मोजपट्टी

भांडण शब्दांवर चालू असतं तेव्हा कुणीच टेप काढत नाही. टेप काढा. निम्मा वाद तिथेच मिटतो.

उदाहरण घेऊ. डांबरी रुंदी ६ मीटर. आजच्या मध्यम एसयूव्हीची रुंदी १.८ मीटरच्या आसपास, म्हणजे क्रेटा १.७९, तर वॅगन आर १.६२. आरसे वेगळे. गाडी कडेला चिकटून कुणी लावत नाही, २० सेंटिमीटर तरी सुटतात. म्हणजे एका बाजूला २ मीटर गेले, दोन्ही बाजूंना लावल्या तर ४. मधे उरले २ मीटर, त्यात दोन्हीकडचे आरसे घुसलेले. अग्निशमनाची गाडी अडीच मीटरच्या आसपास रुंद असते. पाण्याचा टँकर, स्कूलबस यांचंही साधारण तेच. म्हणजे ६ मीटरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना चारचाकी लावणं हा चर्चेचा विषयच नाही. एका बाजूला लावल्या तर ४ मीटर उरतात आणि सगळं सुरळीत चालतं. साडेसात मीटर असेल तर दोन्ही बाजूंना लावूनही साडेतीन मीटर मिळतात.

पण नकाशातल्या रुंदीवर विसंबू नका. नकाशात ९ मीटर लिहिलेलं असतं त्यात गटार आणि फूटपाथ धरलेला असतो, प्रत्यक्ष डांबर साडेपाच-सहा मीटरच भरतं. त्यात आणखी एक गोष्ट सर्रास दिसते. घरांची जोती उंच केल्यावर फाटकाबाहेर काँक्रीटचा उतार काढलेला असतो, कधी मीटरभर लांब. त्या उतारामुळे शेजारची गाडी कडेला लागू शकत नाही, ती रस्त्याच्या आत सरकून उभी राहते, आणि समोरच्याला वाटतं की मुद्दाम मधे लावली. गाडी हलवायला सांगण्याआधी आपला उतार कुठपर्यंत आला आहे ते पाहावं. फाटकाच्या आतून उतार घेता येतो, थोडी तोडफोड होते एवढंच.

फाटकासाठी ठोकताळा: ३ मीटरच्या फाटकाला दोन्ही खांबांपासून किमान सव्वा-दीड मीटर कड मोकळी हवी आणि अरुंद रस्त्यावर फाटकाच्या बरोबर समोरची कडही. नाहीतर मागे घेऊन वळवताना गाडीचं नाक खांबाला लागतं. एका बाजूचं पार्किंग ठरवताना ज्या बाजूला फाटकं कमी ती बाजू निवडा. सम-विषम तारखेची व्यवस्था अशा गल्लीत कागदावर न्याय्य दिसते, पण फाटकं जास्त असलेल्या बाजूच्या दिवशी निम्म्याच गाड्या मावतात आणि उरलेल्या कोपऱ्यावर जातात.

खडीसाखर

प्रश्न: फाटकावर स्वतः रंगवलेल्या 'नो पार्किंग'च्या पाटीला काही अर्थ असतो का? आणि कुंड्या, टायर, दगड ठेवून जागा अडवणाऱ्यांचं काय?

पागोळी

@खडीसाखर, पाटीने रस्ता 'नो पार्किंग' होत नाही. पार्किंगच्या जागा ठरवायचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ खाली राज्य शासनाचा किंवा त्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याचा, स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून. वाहतूक निर्बंधांचे आदेश वाहतूक शाखेकडून निघतात.

पण फाटक अडवण्याला पाटीची गरजच नाही! २०१७ च्या वाहनचालन विनियमांप्रमाणे मिळकतीच्या प्रवेशाच्या किंवा बाहेर पडण्याच्या जागेसमोर, फूटपाथवर आणि उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीला समांतर गाडी लावणं मुळातच निषिद्ध आहे. म्हणून तक्रारीत 'आमच्या पाटीचं उल्लंघन' लिहू नका, 'मिळकतीचा प्रवेश अडवला' असं लिहा. शब्दांचा हा फरक फार कामाचा आहे. कलम १७७ खाली महाराष्ट्रात पहिल्या वेळी ५०० आणि पुढच्या वेळी १,५०० रुपये दंड आहे.

कुंड्या-दगडांबद्दल: महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २३० मध्ये रस्त्यात अडथळा होईल अशी वस्तू ठेवायला मनाई आहे, २३१ खाली आयुक्त नोटीस न देता ती काढू शकतात. मुंबईत १८८८ च्या अधिनियमाची कलमं ३१२ ते ३१४. तक्रार अतिक्रमण विभागाकडे, वाहतूक पोलिसांकडे नाही. वाईट वाटेल, पण तुळशीवृंदावनाच्या शोभेसाठी म्हणून फाटकाबाहेर मांडलेल्या कुंड्यांनाही हेच लागू होतं. कुंडीला अंधारात दुचाकी धडकली तर जबाबदारी ठेवणाऱ्यावर येते.

लेखणी_पोच

तक्रारीची कार्यपद्धती थोडी सविस्तर सांगते, कारण इथेच बहुतेकांचं बिनसतं.

फाटक अडलं आहे आणि आत्ता बाहेर पडायचं आहे: आधी आजूबाजूला विचारा, हॉर्न नको. एम-परिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून मालकाचा फोन मिळत नाही, नावसुद्धा फुल्या मारलेलं दिसतं, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका. ११२ वर फोन करून 'घराचा प्रवेश अडला आहे, गाडी नंबर अमुक, ठिकाण अमुक' एवढंच सांगा. आजारी माणूस असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा.

रोजचाच प्रकार असेल तर महाट्रॅफिक ॲपवर फोटोसह कळवता येतं. फोटो दोन काढा. एकात नंबरप्लेट स्पष्ट हवी. दुसरा लांबून, त्यात गाडी, तुमचं फाटक आणि घरक्रमांक किंवा रस्त्याची पाटी एकाच चौकटीत हवी. नुसत्या नंबरप्लेटच्या फोटोवरून ती गाडी काय अडवते आहे हे तपासणाऱ्याला कळत नाही आणि तक्रार बाद होते. लोक नेमका तोच फोटो पाठवतात.

गल्लीची कायमची व्यवस्था हवी असेल तर असा अर्ज करा:

१. रस्त्याचा हाताने काढलेला नकाशा. रुंदी तीन-चार ठिकाणी मोजून लिहायची, फाटकं, विजेचे खांब, डीपी (विजेची वितरण पेटी), झाडं, वळणं दाखवायची.
२. मागणी नेमकी: 'अमुक चौकापासून अमुक घरापर्यंत उत्तर बाजूस नो पार्किंग'. 'पार्किंगची समस्या सोडवावी' या अर्जाचं कुणी काहीही करू शकत नाही.
३. दोन्ही बाजूंच्या घरांच्या सह्या. एकाच बाजूच्या असतील तर हरकती येणारच.
४. एक प्रत वाहतूक विभागाला, एक क्षेत्रीय कार्यालयाच्या पथ विभागाला. दोन्हीकडे आवक क्रमांकासह पोच घ्या.

पुण्यात वाहतूक शाखा असे आदेश आधी तात्पुरत्या स्वरूपात काढून हरकती-सूचना मागवते, मग अंतिम आदेश होतो. पाटी लावण्याचं काम पालिकेचं. इथे एक फट राहते: आदेश निघतो, पाटी लागत नाही, आणि दंड केला की चालक 'पाटी कुठे आहे?' विचारतो. आदेशाची प्रत घेऊन पथ विभागाचा पाठपुरावा तुम्हालाच करावा लागेल.

उंबरठा

@लेखणी_पोच, उत्तम माहिती. पण माझं मत थोडं वेगळं आहे. अर्जापर्यंत जाण्याआधी गल्लीतल्या सगळ्या घरांनी एकत्र बसून वाहनांची यादी करावी. घरागणिक किती गाड्या, आवारात किती मावतात, प्रत्यक्षात किती आत लागतात. बहुतेक बंगल्यांत पोर्चमध्ये सामान, जुनं कपाट, झोपाळा असतो आणि गाडी बाहेर. दर घराने आपल्या हक्काची एक गाडी आत घेतली तर रस्त्यावरच्या गाड्या झपाट्याने कमी होतात. पोलिसांचा आदेश आला की तो सगळ्यांनाच लागतो, पाहुण्यांच्या गाडीलाही, हे सह्या करताना लोकांच्या लक्षात येत नाही.

लेखणी_पोच

मान्य. यादी आधी, अर्ज नंतर. आदेश रद्द करून घेणं हे तो मिळवण्यापेक्षा अवघड असतं, हेही खरं.

चौथा_मजला

बंगल्यांचं झालं. फ्लॅटच्या सोसायट्यांचं कुणी सांगेल का? आत जागा कमी म्हणून गाड्या बाहेर, आणि बाहेर लावल्या की समोरच्या सोसायटीशी वाद. शिवाय काही सभासद म्हणतात 'बिल्डरने मला स्टिल्ट विकली आहे'.

जमाखर्च

@चौथा_मजला, हा विषय मोठा आहे, जरा विस्ताराने लिहितो.

आधी 'विकलेली' जागा. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी निकाल दिला की मोफा (१९६३ चा महाराष्ट्राचा फ्लॅट मालकी कायदा) खालच्या इमारतीत विकासकाला स्टिल्ट किंवा मोकळं पार्किंग स्वतंत्र गाळा म्हणून विकता येत नाही. ती सामायिक जागा, तिचं वाटप सोसायटी करणार. रेरा, म्हणजे २०१६ चा स्थावर संपदा कायदा, आल्यावर चित्र बदललं. मोकळं पार्किंग आजही सामायिकच आहे, कलम २(एन) बघा. पण आच्छादित पार्किंग महाराष्ट्राच्या नियमांनुसार करारनाम्यात नोंदवून देता येतं. एप्रिल २०२४ मध्ये महारेराने (रेराखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने) त्या जागेचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि ठिकाण वाटपपत्राला आणि करारनाम्याला जोडणं बंधनकारक केलं. म्हणजे २०१० चा निकाल दाखवून रेरानंतरच्या इमारतीत कुणाची जागा काढून घेता येत नाही, आणि १९९५ च्या इमारतीत बिल्डरची पावती दाखवून मालकी सांगता येत नाही. तुमची इमारत कोणत्या काळातली ते आधी पाहा.

वाटप आदर्श उपविधी ७८ पासून पुढे दिलं आहे. थोडक्यात: सभासदाला वापराचा हक्क मिळतो, मालकी नाही, ती जागा त्याला विकता किंवा दुसऱ्याला देता येत नाही. ज्याच्याकडे गाडी आहे त्यालाच जागा, आणि सामान्यतः एकच. गाडी स्वतःच्या नावावर किंवा नोकरीतून, भागीदारीतल्या फर्मकडून मिळालेली चालते. जागा शिल्लक राहिल्या तर दुसरी देता येते, पण वर्षापुरती. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या. शुल्क सर्वसाधारण सभा ठरवते आणि जागा दिली असेल तर गाडी लावो न लावो, ते भरावं लागतं.

चिठ्ठ्या टाकताना काय बिघडतं ते सांगतो. सगळ्या जागा सारख्या धरल्या जातात. प्रमाण माप २.५ बाय ५ मीटर, पण खांबाला लागून असलेल्या जागेत दार अर्धवट उघडतं, आणि कोपऱ्यातली जागा फक्त छोट्या गाडीला चालते. नंबर निघतो, गाडी लागत नाही, मग 'तात्पुरती' म्हणून ती बाहेर रस्त्यावर येते आणि तिथेच राहते. म्हणून आधी प्रत्येक जागा खांबाच्या आतल्या बाजूंनी मोजा, मोठ्या आणि छोट्या असे दोन गट करा आणि चिठ्ठ्या वेगवेगळ्या काढा. यांत्रिक पार्किंग असेल तर उंचीचा तिसरा गट. तिथे लोक 'एसयूव्ही' आणि 'छोटी' या नावांवर जातात आणि फसतात: वॅगन आरची उंची १.६७५ मीटर आहे, म्हणजे क्रेटापेक्षा जास्त. सेडानसाठीच्या दीड मीटरच्या कप्प्यात ती जाणार नाही. आरसीची प्रत आणि गाडीची तिन्ही मापं अर्जासोबतच घ्या. प्लॅटफॉर्मवर लिहिलेली वजनमर्यादाही त्याच तक्त्यात असू द्या.

दुचाकींसाठी १ बाय २ मीटर धरा. चारचाकीच्या एका जागेत पाच दुचाकी आरामात बसतात, सहा बसवल्या की आतली काढताना दुसरी पडते आणि नवा वाद सुरू होतो.

ठराव वार्षिक सभेत करायचा तर १४ दिवसांची नोटीस, विशेष सभेत ५ दिवसांची. विषयपत्रिकेवर 'पार्किंग धोरण व वाटप' असं स्पष्ट हवं. 'आयत्या वेळच्या विषयात' केलेलं वाटप टिकत नाही.

चौथा_मजला

खूप आभार. कमिटीने नियम मोडणाऱ्याच्या चाकाला जॅमर लावला तर चालतं ना? दोन-तीन सोसायट्यांत पाहिलं आहे.

पागोळी

पाहिलं असेल, पण माझा सल्ला नाही असाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ मध्ये चाक अडकवण्याचा अधिकार गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याच्या परवानगीला जोडलेला आहे, आणि तोही सार्वजनिक जागी. सोसायटीने पाहुण्याच्या गाडीला जॅमर लावला, पैसे दिल्याशिवाय सोडली नाही, तर तक्रार उलट कमिटीवर होऊ शकते. हवा सोडणं, ओरखडे काढणं, वायपर वाकवणं हे तर सरळ भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खालचं नुकसान आहे आणि आज प्रत्येक गल्लीत कॅमेरा आहे.

जमाखर्च

सहमत, एका दुरुस्तीसह. स्वतःच्या सभासदाबाबत सोसायटी हतबल नाही. उपविधीभंगाचा दंड सर्वसाधारण सभेने ठरवावा, कारणे दाखवा नोटीस द्यावी, म्हणणं ऐकावं आणि मगच दंड बिलात घालावा. या क्रमातली एक पायरी गाळली तरी सभासद तो दंड उडवून लावतो. वाटपावरचाच वाद असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय. कमिटी उपविधी पाळतच नसेल तर सहकारी संस्थांचे उपनिबंधक.

दूरचा_पत्ता

योकोहामाहून. इथे १९६२ च्या कायद्यानुसार गाडी नोंदवण्याआधी पोलिसांकडून जागेचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि ती जागा घरापासून २ किलोमीटरच्या आत हवी. अर्जासोबत जागेचा मोजमापांसह नकाशा लागतो. रात्री गल्ल्या मोकळ्या दिसतात त्यामागे ही तपासणी आहे. महिन्याच्या भाड्याने पार्किंग देणाऱ्या छोट्या जागा यातूनच उभ्या राहिल्या.

उंबरठा

हे आपल्याकडेही यायलाच हवं. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही सुनावणीत म्हटलं होतं की पार्किंगला पुरेशी जागा नसेल तर एका कुटुंबाला चार-पाच गाड्या घेऊ देऊ नयेत. ज्या घरात एका गाडीची जागा आणि तीन गाड्या, तिथे शेजाऱ्याने कितीही समजूतदारपणा दाखवला तरी दोन गाड्या कुणाच्या तरी दारात जाणारच.

खडीसाखर

शेवटचा प्रश्न. गल्लीत एक गाडी महिनोन्‌महिने हललेली नाही. चाकं बसली आहेत, खाली कचरा आणि पाणी साचतं. मालक गल्लीतला नाही.

लेखणी_पोच

@खडीसाखर, सार्वजनिक जागी १० तासांपेक्षा जास्त बेवारस सोडलेली गाडी हलवण्याचा अधिकार कलम १२७ मध्ये पोलिसांना आहे. पण व्यवहारात भंगार गाड्यांचं काम क्षेत्रीय कार्यालय करतं: नोटीस चिकटवतात, मुदत देतात, मग उचलतात. तुम्ही एवढं करा. आज एक फोटो काढा, पंधरा दिवसांनी त्याच जागेवरून दुसरा, चाकाजवळ साचलेला पाला दिसेल असा. दोन्ही तारखांसह क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्या आणि प्रत पोलीस ठाण्यात, कारण गाडी चोरीची नाही ना हे त्यांनी तपासल्याशिवाय पालिका हात लावत नाही. चासी क्रमांक बोनेटखाली असला तर स्वतः बोनेट उघडायला जाऊ नका. पाणी साचतंय तर डासांच्या अळ्यांची तक्रार आरोग्य विभागाकडे वेगळी नोंदवा. पावसाळ्यात तो विभाग आधी येतो, आणि त्यांचा पाहणी अहवाल तुमच्या अर्जाला जोडता येतो.